आतल्या खोलीतलं हसू

आतल्या खोलीतून मैथिलीचं हसू ऐकू आलं आणि वृंदाची तव्यावरची पोळी तशीच राहून गेली. घरात त्या मायलेकींशिवाय कुणीच नव्हतं.

गेल्या वर्षी आजाराची सुरुवात अशीच झाली होती. नऊ वर्षांची पोर एकटीच हसू लागली, मग आईलाही ओळखेनाशी झाली. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर चाल करून गेली होती. उपचारांनी मैथिली वाचली, हळूहळू चालू-बोलू लागली. पण विचारलं तेवढंच सांगायची. "मेंदू सावरायला वेळ लागतो," डॉक्टर म्हणाले होते, "आणि आजार उलटूही शकतो. लक्ष ठेवा."

गॅस बंद करून वृंदा कशीबशी दारापर्यंत गेली. मैथिली खिडकीशी पाठमोरी उभी होती. तिचे खांदे हलत होते.

"का हसतेस गं?" वृंदाला स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

"समोरचे काका बघ. टॉवेलचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं शेळीच्या तोंडात."

वृंदाने वाकून पाहिलं. खरंच तसं चाललं होतं. तिला हसायचं होतं, पण हसू फुटेना. ती कॉटवर बसली.

मैथिली वळली. आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "आई, तुला बरं वाटत नाहीये का?"

कितीतरी महिन्यांत तिनं आपणहून कुणाला काही विचारलं नव्हतं.

"घाबरले होते गं," वृंदा म्हणाली.

"सरक," म्हणत मैथिली तिला खेटून बसली.