वाकडं अंगण

"ट्रायलला एखादा जुना पीस दे, कुठलाही चालेल," इंजिनिअर गणेशनं सांगितलं, आणि संगीताचा हात आपोआप खालच्या ड्रॉवरकडे गेला. तिथं चार वर्षं एक कडी पडून होती. भिकाजीची.

लोणावळ्याच्या त्या टेस्टिंग लॅबमधल्या गोठवणाऱ्या चेंबरचा, कड्या ओढून तपासणारा यांत्रिक हात आज बदलला होता. हवेच्या दाबावर पुढेमागे होणारा सिलिंडर काढून मोटरवर चालणारा इलेक्ट्रिक ॲक्चुएटर बसवला होता. ही कल्पना सूचनापेटीतल्या एका निनावी चिठ्ठीतली. चिठ्ठी कोणाची, हे अजून कोणाला कळलं नव्हतं. तिला मिळालेला बक्षिसाचा स्टीलचा डबा वर्षभर कपाटावर धूळ खात होता.

शेवटचा बोल्ट आवळत होता तो फिटर भिकाजीच. एके काळी जवळच्या भाजे गावात त्याची स्वतःची शेड होती, हाताखाली तीन माणसं. आइस्क्रीमच्या गाड्यांच्या दारांना तो कड्या करायचा. उणे तीस अंशांना त्याची कडी चारशेव्या ओढीला अडकली, संगीतानं 'नापास' लिहून सही केली, ऑर्डर गेली आणि शेडला कुलूप लागलं. "ताई, येकदा तुमचं मशीनबी बघा की," एवढंच तो म्हणाला होता. "नाचता येईना, अंगण वाकडं," संगीतानं सगळ्यांसमोर सुनावलं होतं. लॅब खो खो हसली होती. सहा महिन्यांनी तो त्याच लॅबमध्ये कंत्राटावर फिटर म्हणून लागला. पोटासाठी माणूस काय काय गिळतो, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

पण ती कडी तिनं टाकली नव्हती. चेंबरबाहेर काढल्यावर ती एका बोटानं उघडली होती, आणि ते कोडं दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं तिला सलत राहिलं होतं. आज कडी पुन्हा अडकली तर सुटले. नाही अडकली तर? तरीही तिला बघायचंच होतं. तिनं कडी आत बसवली. भिकाजीनं ती ओळखली आणि हातातला पाना खाली ठेवला.

काटा उणे तीसवर गेला. मोटर न कुरकुरता कडी ओढू लागली. तीनशे नव्वद. चारशे. चारशे एक. पाचशे. जेवणाची सुट्टी झाली तरी कोणी हललं नाही. हजार.

भिकाजीनं टेबलावरचा जुना सिलिंडर उचलून तिरका केला. दोन चमचे पाणी फरशीवर सांडलं. मावळातली ओली हवा त्यात दाबून भरायची, आणि तिच्यातलं पाणी थंडीत आतल्या आत गोठायचं. कडी कधी अडकलीच नव्हती. अडकत होता तो सिलिंडर.

संगीताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "भाऊ, चुकलं माझं," ती म्हणाली. "तो रिपोर्ट आजच दुरुस्तीला काढते."

भिकाजीनं हात पुसले, स्टूल ओढलं आणि कपाटावरचा बक्षिसाचा डबा खाली घेतला. "ह्यो माजा."

"चिठ्ठी तुमची? मग नाव का नाही घातलंत?"

बाहीनं डब्यावरची धूळ पुसत तो म्हणाला, "नाव घातलं असतं, तर अंगन बघाय कोन आलं असतं, ताई?"