नामंजूर अर्ज

"मोठी बँक दोन दिवसांत कर्ज देते, बाई! तुम्ही तीन आठवडे नुसती पाहणीच करताय." नव्या इमारतीच्या दारात वैजनाथरावांनी गावातल्या सहकारी बँकेच्या व्यवस्थापक बाईंना सुनावले. याच बँकेचे कर्ज घेण्याचा हट्ट त्यांचा होता आणि त्यापायी घरात रोज टोमणे झेलणेही त्यांनाच भाग होते. उद्या इथल्या घरासाठी आयुष्यभराची पुंजी बिल्डरच्या हाती सोपवायची होती.

बाईंनी चपलेच्या टोकाने जिन्याखालच्या धुळीत मोठे वर्तुळ काढले. "इथं आमची विहीर होती, सर. पाठीला भोपळा बांधून मी हिच्यातच पोहायला शिकले. हिचं पाणी उन्हाळ्यातही कधी आटलं नाही. हिच्यावर नुसता भराव टाकून चार मजले चढवलेत. तुमचा अर्ज मी नामंजूर करतेय."

वादात कधीही हार न मानणारे वैजनाथराव त्या वर्तुळापासून चार पावले मागे सरले. मग त्यांनी बाईंना हात जोडले.

"आता मोठ्या बँकेत जाणार?" बाईंनी हसून विचारले.

"छे! पुढचं घर आधी तुम्ही बघा. तुम्हाला पटलं, तर मग आम्ही बघू."