ऐंशीच्या पुढे

तिसऱ्यांदा वस्तादांच्या मांडीवर चहा सांडला, तेव्हा काटा ब्याऐंशीवर होता.

"बघा," धाकटा म्हणाला. त्याच्या हातातलं स्टिअरिंग भिजलेल्या कुत्र्यासारखं थरथरत होतं. "ऐंशीपर्यंत गरीब गाय. पुढे गेलो की भूत संचारतं."

वस्तादांनी डॅशबोर्डवरचा रिकामा ग्लास उचलला. ही त्यांची तपासणीची पद्धत. काठोकाठ चहा, सरळ हायवे. स्टिअरिंग थरथरलं तर पुढची चाकं, बूड थरथरलं तर मागची, आणि गाडी उभी असताना थरथरलं तर चालकाचं लग्न झालेलं आहे. बत्तीस वर्षांत या शास्त्रात चूक निघाली नव्हती.

पिकअप आठ महिन्यांची. सीटवरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं. पहिल्या खेपेला पुढच्या दोन्ही चाकांची वजनं गायब निघाली. चाक सगळीकडून सारखं भरावं म्हणून रिमच्या आत शिशाच्या पट्ट्या चिकटवतात, ती वजनं. वस्तादांनी नवी लावली. दहा दिवसांत तीही गेली. पुन्हा लावली. दरम्यान धाकट्याने आपल्या परीने इलाज केले. आधी मोबाइलचा स्टँड बदलला, मग मोबाइल, मग डोळे तपासून आला. डोळे उत्तम होते. थरथर त्याला आता जास्त स्पष्ट दिसू लागली.

"दादा म्हणायचा, गाडी दाखवायची तर वस्तादांनाच," धाकटा गॅरेजच्या दारात उतरताना म्हणाला.

थोरला त्यांचं लाडकं गिऱ्हाईक. त्याच्या पिकअपमध्ये त्यांनी एकशे दहाच्या वेगाला ग्लास ठेवला होता आणि थेंब सांडला नव्हता. पुढे कित्येक महिने हा ग्लास ते येईल त्याला ऐकवायचे. एकदा तर वीजमीटर बघायला आलेल्या माणसालाही. मग थोरला भर दुपारी, मोकळ्या रस्त्यावर, उभ्या ट्रेलरवर मागून आदळून गेला. तेव्हापासून वस्तादांनी ग्लासची गोष्ट सांगणं सोडलं. गेलेल्या माणसाच्या नावावर बढाई मारू नये, इतकंच त्यांच्या मनात होतं.

आज धाकट्याची आईही बरोबर आली होती. गॅरेजमध्ये बाकाऐवजी जुन्या मोटारीची मागची सीट मांडलेली होती. तिच्यावर ती बसली होती, मांडीवर पर्स घेऊन, गाडी सुटायची वाट बघत बसावं तशी.

"मी समोरून टपाल टाकून येतो," असं म्हणून धाकटा गेला.

वस्तादांनी चाक उतरवलं. वजनं नव्हती. वजनांच्या जागी गोंदही नव्हता. रिम ताटासारखं लख्ख घासलेलं होतं. कडेला बारीक ओरखडे होते. ओरखडे उलथन्याचे.

"चोर निघाला," ते चाकाला म्हणाले. "पंचेचाळीस ग्रॅम शिसं चोरणारा. विकून त्याला काडेपेटी येईल, तीही अर्धी. वहिनी, गाडी रात्री बाहेर असते का?"

"दारातच असते. रोज सकाळी मी धुते."

वस्ताद हसले. मग त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं.

तिने पर्स उघडली. आतून चष्म्याची डबी काढली, डबीतून रुमाल, रुमालातून शिशाच्या पट्ट्या. पहिल्या खेपेच्या, दुसऱ्या खेपेच्या, आजच्या. सगळ्या घासूनपुसून, मापाप्रमाणे लावलेल्या.

"हे काढल्याने चाक निखळत नाही ना, भाऊ?" तिने हळूच विचारलं. "तेवढंच विचारायला आले."

"नाही. टायर जरा लवकर झिजतात."

"झिजू देत."

"आणि ऐंशीच्या पुढे थरथरते."

"हो," ती म्हणाली. "म्हणून तो ऐंशीच्या आत येतो. माझं सांगून ऐकत नाही. गाडीचं ऐकतो."

बाहेर धाकट्याची शीळ ऐकू आली. तिने रुमालाची गाठ मारायला घेतली, गाठ बसेना. वस्तादांनी तिच्या हातातून रुमाल घेतला, गाठ मारली आणि डबीत ठेवून डबी तिला परत दिली. मग चाक होतं तसंच चढवलं.

"सापडलं का काही?" धाकटा आत आला.

"नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही सापडलं. स्वभाव आहे या गाडीचा. काही माणसं नाही का, सासरी गेली की बोलतच नाहीत. कुठल्याही गॅरेजला न्या, हेच सांगतील. ऐंशीच्या आत चालवायची."

धाकटा बघतच राहिला. "वस्ताद, तुम्ही हरलात?"

"हरलो."

"तुम्ही?"

"लिहून देऊ का?"

धाकट्याने हताश होऊन गाडी सुरू केली. आई शेजारी चढून बसली. काच खाली करून तिने वस्तादांकडे पाहिलं. चहाने भिजलेली पँट, हातात रिकामा ग्लास, पडलेला चेहरा. तिला त्यांची फार दया आली. आपल्यापायी या माणसाने आपलं नाव घालवलं, हे तिला कळत होतं. तिने बाहेर वाकून, पोराला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांची समजूत काढली.

"वाईट वाटून घेऊ नका, भाऊ. तुमच्या हाताला तोड नाही. थोरल्याची गाडी तुम्ही अशी केली होती, की आपण किती वेगात आहोत ते त्याला कधी कळायचंच नाही."