आधी डबा फेका

बुडणारा दिसला तर उडी मारायची नाही, आधी डबा फेकायचा, हा सरांच्या जीवरक्षक संस्थेचा पहिला धडा. सर शाळेच्या पोहण्याच्या तलावाकाठी दोरी बांधलेले रिकामे डबे मांडत होते. त्यांची बायको, म्हणजे मुलांच्या बाई, गळ्यात शिट्टी अडकवून शेजारी उभ्या होत्या.

"सर, तुम्ही ही संस्था का काढली?" एका मुलीनं विचारलं.

"एकदा तळ्यात एक तरुणी निपचित पडलेली दिसली," सर गंभीर झाले. "आगापिछा न बघता मी उडी मारली."

"मग, वाचली ती?"

"वाचले ना," बाई म्हणाल्या. "मी आपली उताणी पडून मजेत तरंगत होते. पोहता येत नव्हतं ते तुमच्या सरांना. माझ्या मानेला अशी मिठी मारली, की दोघंही तळाला जायचो. काठावरच्या माणसानं डबा फेकला, म्हणून निभावलं."

पोरं फिदीफिदी हसली. सर कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि बुडण्याचं सोंग करत हातपाय झाडू लागले.

बाईंनी शिट्टी वाजवली. चहूकडून डबे येऊन पडले, एक तर थेट सरांच्या टकलावर. पण काठावरचं एकही पोर जागचं हललं नाही.

"बघितलंस? एकानंही उडी मारली नाही," सर डबा कवटाळून अभिमानानं म्हणाले.

"शहाणी आहेत," दोरी ओढता ओढता बाई हळूच म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही इतके शहाणे असता, तर मी काही तुमच्याशी लग्न केलं नसतं."