रक्ताचा अंदाज

"उद्या बायकोच्या मेंदूतली गाठ काढतायत. चार पिशव्या राखून ठेवा," डॉक्टर सबनीस रक्तपेढीच्या काउंटरवर वाकून म्हणाले.

उज्ज्वलाताईंनी मान वर केली. तीन वर्षांपूर्वी सबनीस करणार असलेल्या अशाच एका ऑपरेशनसाठी ताईंनीही चार पिशव्या सुचवल्या होत्या. "एक पुरेल," म्हणत सबनीसांनी ते हसण्यावारी नेलं. एकोणीस वर्षांची मुलगी टेबलावरच रक्तस्रावानं गेली. चौकशीत सबनीसांनी रक्तपेढीवर ठपका ठेवला आणि उज्ज्वलाताई सहा महिने निलंबित झाल्या.

"एक पुरेल की," त्या आता शांतपणे म्हणाल्या.

सबनीसांचा चेहरा उतरला. "ताई, हात जोडतो."

ताईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "तेव्हा अंदाज कोणाचा चुकला, ते लिहा. खाली सही करा."

ते लिहू लागले. मध्येच अडखळले. "त्या मुलीचं नाव काय होतं?"

"रेवती घोडके."

सही झाल्यावर ताईंनी कागदाची घडी घातली. "वहिनींचे रिपोर्ट बघून पाच पिशव्या सकाळीच जुळवून ठेवल्यात. निर्धास्त जा. हा कागद मात्र मी आज रेवतीच्या आईला नेऊन देणार आहे."