नुसतं हसू

भर मे महिन्यात कूलरमध्ये पाणी भरता भरता मी पाइप नवऱ्याकडे वळवला. तो भिजला, ओरडला आणि मी खळखळून हसले. बायपोलरच्या गोळ्या सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. त्याचा चेहरा मात्र उतरला. मागच्या उन्हाळ्यात माझं दुखणं अशाच हसण्यानं सुरू झालं होतं. नंतर झोप उडाली, बोलणं थांबेना, आणि शेवटी रामदासपेठेतल्या दवाखान्यात भरती व्हावं लागलं. “गोळी घेतली ना वं?” त्यानं हळूच विचारलं. माझा हात खाली आला. पाणी चपलांवर सांडत राहिलं. “घेतली. झोपही झाली. मले आता साधं हसूही येऊ नये काय?” तो नळाकडे गेला. वाटलं, बंद करेल. त्यानं नळ पूर्ण सोडला आणि माझ्याकडे पाठ फिरवली. “समोरून तं भिजवलं,” तो म्हणाला, “पाठ कोरडीच राहिली ना वं.”