आबांच्या नावाची पेटी

काटा निम्म्यावर आला आणि तिथंच बसला.

मन्मथप्पा सरांनी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. काटा पुन्हा निम्म्यावर. विद्यापीठातून तपासणीला आलेल्या बाई चष्मा कपाळावर सारून बघत होत्या. त्यांच्या शेजारी संस्थेचे अध्यक्ष उत्तरेश्वर आबा सफारीत उभे होते. काटा वर जायला हवा की खाली, हे आबांना माहीत नव्हतं. त्यामुळं ते दोन्ही वेळा खूश दिसले.

धारूरच्या त्या कॉलेजात सर सत्तावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि पीएच.डी. अजून उरलीच होती. विषय असा, की तांब्याच्या बंद पेटीत मायक्रोवेव्ह लहर सोडली तर ती किती वेळ जगते? परदेशात लोक असल्या पेटीत लहरीचा एकच कण कोंडायला लागले होते. पुढंमागं अशा कणांवर आकडेमोड करणारं यंत्र बांधू म्हणत होते. अडचण एकच होती. आजूबाजूचं जग त्या कणाला सुखानं राहू देत नव्हतं. भिंत जरा खडबडीत लागली की तो तिथंच जिरायचा. एक कण कोंडण्याइतकं सामान सरांकडं नव्हतं. पेटी मात्र करता येण्यासारखी होती.

ती रहमतुल्लानं केली. बाजारात त्याचं तांब्याची भांडी घडवायचं दुकान होतं. घरोघर स्टील आणि प्लास्टिक आल्यापासून तिथं फारसं कुणी फिरकत नव्हतं. पत्र्यासाठी सरांनी घरातला हंडा मागितला. हंडा त्यांच्या बायकोचा, गंगासागरबाईंचा, माहेरून आलेला. त्या दोन दिवस सरांशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तो सायकलच्या कॅरिअरला बांधून दिला.

"काय ठिवायचं ह्यात?" रहमतुल्लानं विचारलं होतं.

"लहर. लई नाजूक असती. आतून जरा खालवर लागलं की मरती."

"धारूरात नव्या सुनंचं बी असंच हाय," रहमतुल्ला म्हणाला आणि कामाला लागला.

महिनाभर तो आतली बाजू घासत होता. पेटी तयार झाली तेव्हा काटा असा चढला, की सरांचा स्वतःवर विश्वास बसेना. तीन दिवस त्यांनी तेच मोजलं. मग विद्यापीठाला पत्र टाकलं, आणि आज बाई आल्या होत्या.

सरांनी पेटी उघडून आत बोट फिरवलं. तळाला बारीक पुटकुळ्या लागल्या. एका ओळीत. त्यांनी पेटी उलटी केली. तळावर बाहेरून टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं : 'मा. उत्तरेश्वर आबा यांजकडून सप्रेम भेट'.

हंडा कुणाचा होता, हे अख्ख्या धारूरला माहीत होतं.

रहमतुल्लाला सरांनीच बोलावलं होतं. तो दारात उभा होता.

"हे कावून केलं, बाबा?"

"आबांचा माणूस पेटी घिऊन आलता, सर. मला वाटलं, तुमीच धाडली." रहमतुल्लाचा आवाज खाली गेला. "भांड्यावर नाव घालत्यातच की. आत एवढं उठंल असं वाटलं न्हाई."

आबा पुढं झाले. "काटाच बिघडला असंल, सर. पाव्हण्यांसमोर ह्यो विषय नको."

बाईंनाही अवघडल्यासारखं झालं. "यंत्र नादुरुस्त, असा शेरा लिहिते," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात पुन्हा येईन."

सोपं होतं. सरांनी मान हलवली असती तर दुपारचं जेवण वेळेवर झालं असतं. सत्तावीस वर्षांत आबांसमोर त्यांनी मानच हलवली होती.

"यंत्र ठीक आहे, बाई," सर म्हणाले. "लहर आबांच्या नावाला अडकतेय. तसंच लिहा."

बाईंनी चष्मा खाली, डोळ्यांवर घेतला. "किती अक्षरं आहेत?"

"अठरा."

"मग एकेक मोजा की. गुळगुळीत पेट्या सगळेच करतात. बाहेरचं जग नेमकं कुठं टोचतं, किती टोचतं, ते मोजा."

यातलं आबांना एवढंच समजलं, की आपलं नाव प्रबंधात येणार. त्यांनी जागच्या जागी परवानगी दिली.

रहमतुल्लानं पेटीला कोरा तळ बसवला. एक अक्षर घालायचं, पेटी कॉलेजात न्यायची, सरांनी मोजायचं, पेटी परत दुकानात. पावसाळ्यात 'मा' झालं. दिवाळीपर्यंत 'उत्तरेश्वर'. दुकानात कुणी डोकावलं तर रहमतुल्ला गंभीरपणे सांगायचा, "'श्व' लई खातो."

निवृत्तीआधी चार महिने सरांना पदवी मिळाली. बाईंनी आपल्या प्रयोगशाळेसाठी रहमतुल्लाला दोन पेट्या करायला सांगितल्या. संस्थेनं सत्कार ठेवला. हार सरांना घातला आणि माईक आबांनी घेतला.

"माझं नाव थेट विज्ञानात गेलं हाय," आबा म्हणाले. प्रबंध डोळ्यांसमोर धरून त्यांनी निष्कर्षाचं पान उघडलं आणि खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. "'माननीय' या अर्थाच्या अक्षराने किरकोळ हानी. 'उत्तरेश्वर' या नावाने मध्यम हानी. सर्वाधिक हानी 'सप्रेम भेट' या शब्दांनी झाल्याचे आढळले."

सर बुटाच्या टोकाकडं बघत राहिले. मग पहिल्या रांगेतून एक टाळी आली. गंगासागरबाईंची. तिच्यामागून रहमतुल्लाची. मग सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला आणि मागून पोरांनी शिट्ट्या घातल्या.

वाक्य लोकांना फार आवडलेलं दिसतंय, असं आबांना वाटलं. त्यांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि ते पुन्हा एकदा वाचलं.